सेंदाचं नाक

नानाय सेंदाचं नाक चपटं होतं, डावीकडं जरा कललेलं होतं, आणि टोंडो नावाच्या झोपडवस्तीतल्या त्या गल्लीतली निम्मी घरं अठरा वर्षं त्या नाकाच्या भरवशावर जेवली होती. यात बढाई काही नाही. गल्लीतल्या कुणालाही विचारा. आता विचारायला गेलात तर लोक मान फिरवतील, तो भाग वेगळा.

शहरातल्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानांतून रोज जो कचरा निघायचा, त्यातले अर्धेमुर्धे तुकडे कचरागाडीवाले वेगळे काढायचे आणि पहाटे पोत्यांत भरून गल्लीच्या तोंडाशी आणून विकायचे. कुणी एकच घास घेऊन ठेवून दिलेली तंगडी, कुणा लाडावलेल्या पोरानं वरचं कुरकुरीत साल तेवढं ओरबाडून टाकलेला पंख. त्यातली माती, कागदी रुमाल, प्लास्टिकचे चमचे आणि सिगारेटची थोटकं झटकून टाकायची, म्हणून त्या खाण्याला म्हणायचं पगपग, म्हणजे झटकलेलं. पण नुसतं झटकणं कुणालाही येतं. सेंदा एकेक तुकडा नाकाशी धरायची. आंबूस वास आला की तुकडा मांजरांकडं. वास नसला तरी अंगठा आणि बोट यांच्यात तार सुटली की मांजरांकडं. तीनातला एक तुकडा तरी असा जायचाच. उरलेलं तीन पाण्यांत धुवायचं, उकळायचं, ते पाणी ओतून द्यायचं, आणि मग कढईत लसूण, कांदा, व्हिनेगर. सहाच्या सुमाराला गल्लीला जाग यायची ती त्या लसणाच्या वासानं. पोरं पातेली घेऊन रांगेत उभी राहायची. पहिला तुकडा सेंदा सगळ्यांसमोर स्वतः खायची आणि मगच वाढायला घ्यायची.

अठरा वर्षांत तिच्या कढईतलं खाऊन एकही माणूस आजारी पडला नव्हता.

चांगल्या घरच्या लोकांना हे ऐकून मळमळतं. एकदा एक पाहुणी बाई कॅमेरा घेऊन आली होती. सेंदाची कढई बघून तिनं तोंडाला रुमाल लावला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं की तुम्हाला किळस नाही का येत. सेंदानं तिला बसायला पाट दिला, पंख्याचं तोंड तिच्याकडं वळवलं आणि नाही म्हणाली. तिला त्या बाईची कीवच आली. किळस कशाची यावी, हे त्या बिचारीला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मार्च महिन्यात रोग आला आणि शहराला कुलूप लागलं.

घरात बसा, हात धुवा, अंतर ठेवा, असं भोंग्यावरून दिवसभर सांगत फिरायचे. हात कशानं धुवायचे ते कुणी सांगत नव्हतं. सेंदाच्या घरात कुणी अंतर ठेवायचं म्हटलं तर त्याला खाडीत उभं राहावं लागलं असतं. ते सगळं परवडलं. पण कोंबडीची दुकानं बंद झाली, आणि त्याबरोबर कचरा बंद झाला. पोट भरलेल्यांनी टाकलं तर गल्लीनं खायचं, असा तो हिशेब होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चौथ्या दिवशी सेंदानं कढई घासून भिंतीला उलटी टांगली. त्या पहाटेही पोरं पातेली घेऊन आली होती, सवयीनं. उभी राहिली आणि गेली.

सेंदाच्या घरात ती, तिची मुलगी रोवेना आणि रोवेनाची सात वर्षांची पोर पिपाय अशी तीन माणसं होती. जावई बतांगासला इमारतीच्या कामावर होता, तो तिकडंच अडकला. हे घर म्हणजे खालची एक खोली. वर शिडीनं गेलं की आणखी दोन कुटुंबं. पण दारावर रंगानं लिहिलेला नंबर एकच होता, चव्वेचाळीस. सरकारी डोळ्यांना नंबर दिसतो, माणसं दिसत नाहीत. बाहेर जायचा पास एका नंबराला एक, आणि मदतीची पिशवीही एका नंबराला एक. पिशवीत तीन किलो तांदूळ, मासळीचे चार डबे आणि सहा पुड्या शेवया, वर वस्तीतून निवडून आलेल्या मेंबरचा हसरा फोटो. ती पिशवी तीन कुटुंबांत वाटायची. तीन आठवड्यांत अशा दोन पिशव्या आल्या. तांदूळ वाटताना वरची माणसं शिडीवर बसून सेंदाच्या हाताकडं टक लावून बघत. कालपर्यंत ज्यांच्याशी मीठमिरची वाटून खाल्ली, ती माणसं वाटीवरून बोट फिरवून वरचे दाणे सारखे करायला सांगू लागली.

पहिल्या आठवड्यात भात होता. दुसऱ्यात पेज झाली. पेजेतलं पाणी वाढत वाढत असं झालं की पिपाय वाटीत बोट घालून भाताची शितं शोधायची आणि सापडली की मोजून दाखवायची. खाडीकाठची पालेभाजी लोकांनी मुळासकट ओरबाडून नेली होती. सकाळी भातावर कॉफी ओतून खायची पोरांना सवय, आता नुसतीच काळी कॉफी मिळायची. पिपाय दिवसभर भिंतीला टेकून बसू लागली. खेळायला जा म्हटलं तर आजीला म्हणायची, लोला, खेळलं की भूक लागते. सात वर्षांच्या पोरीला हे शहाणपण यावं, याच्यासारखी घाणेरडी गोष्ट दुसरी नाही.

मेंबर कासिमिरो एका शुक्रवारी सकाळी सेंदाच्या दारात आला तो अशा दिवसांत. हा कासिमिरो याच गल्लीतला. लहानपणी सेंदाच्या रांगेत तोही पातेलं घेऊन उभा असायचा, आणि एक तुकडा जास्त मिळावा म्हणून तिला नानाय, नानाय, म्हणजे आई, आई, करत लाडीगोडी लावायचा. आता त्याच्या घराला बाहेरूनसुद्धा फरशी होती. तोंडावर त्यानं मास्क लावला होता आणि मास्कवर त्याचं स्वतःचं नाव छापलेलं होतं, म्हणजे तोंड झाकलं तरी माणूस कोण ते कळावं. बरोबर काठीवाला पहारेकरी होता. दारातूनच त्यानं सांगितलं की नानाय, एक काम आहे तुझ्या हातचं, जरा हॉलवर चल. तुझ्या घराचा वेगळा नंबर लावायचं मी मनावर घेतलंय. चव्वेचाळीस अ. मग तुझी पिशवी वेगळी, वरच्यांची वेगळी, दर आठवड्याला.

मागं रोवेना उभी होती. तिनं आईच्या पाठीला बोट टोचलं. सेंदानं पायांत सपाता सरकवल्या आणि निघाली.

बास्केटबॉलच्या मैदानाला लागून हॉल आहे. त्याच्या मागच्या खोलीत आइस्क्रीमवाल्यांकडून उसने आणलेले चार फ्रीझर होते. एका कंपनीनं गरिबांसाठी म्हणून मार्चच्या मध्यात कोंबड्या दिल्या होत्या, चांगल्या, साफ केलेल्या, पिशव्यांत बंद. तिथंच वाटल्या असत्या तर गल्ली आठ दिवस जेवली असती. पण कासिमिरोला फलक हवा होता, त्याच्या फोटोचा, बारा फुटी. फलक छापणारा दुकान बंद करून गावी गेला. मग त्याला वाटलं की वरचा कुणीतरी मोठा माणूस आणावा आणि त्याच्या हातून वाटावं, चार कॅमेरे बोलवावेत. त्या मोठ्या माणसाला वेळ होईना. अशात एकदा दोन दिवस वीज गेली. आली, पुन्हा गेली. कासिमिरोनं झाकण उघडून बघायचीही तसदी घेतली नाही. आता मोठा माणूस रविवारी येणार होता.

सेंदानं खोलीचं दार उघडलं आणि तिथंच थांबली. मास्क असूनसुद्धा तिला आतून कुणी ढकलल्यासारखं झालं. तिनं मास्क खाली ओढला. कचऱ्याच्या पोत्यांत हात घालणारी बाई ती, पण असा वास तिनं फार थोड्या वेळा घेतला होता. गोडसर, जड, घशाला चिकटणारा. फ्रीझरच्या तळाला गुलाबी पाणी साचलं होतं आणि त्यावर मेंबरच्या चेहऱ्याचे कागद तरंगत होते, पिशव्यांना चिकटवलेले सुटून आले होते. तिनं एक पिशवी फोडली. पंखाखाली हिरवट छटा. अंगठा फिरवला तर साल हाताबरोबर आलं आणि बोटांमध्ये तार सुटली, वीतभर.

कासिमिरो दारातूनच बोलत होता. त्याचं म्हणणं, व्हिनेगरमध्ये घालून, लसूण जरा जास्त टाकून सगळं शिजवून टाकावं. अडोबो करून डब्यांतून वाटता येईल. हे काम नानायसारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. व्हिनेगरचे कॅन त्यानं आणून ठेवले होते, चुलीसुद्धा मांडल्या होत्या.

सेंदानं लगेच नाही म्हटलं नाही. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर ती कुणी देवी होती असं वाटेल. तिनं बाह्या वर केल्या आणि चारही फ्रीझर उपसले. तळाच्या कोंबड्या अजून गोठलेल्या असतील, निम्म्या तरी वाचतील, गल्लीत कुणालाच तीन आठवड्यांत काही खमंग मिळालेलं नाही, असं तिच्या मनात चाललं होतं. दोन तास ती एकेक पिशवी नाकाशी धरत राहिली. तिसऱ्या फ्रीझरला आल्यावर एका कोंबडीचा तिला काहीच वास येईना. बरी आहे, असं वाटलं. तिनं ती बाजूला ठेवली. पुढचीही बरी वाटली. मग तिनं पहिली पुन्हा उचलून बोटांत चोळली, तर तार सुटली. तिनं दोन्ही कोंबड्या परत फ्रीझरमध्ये टाकल्या. नाक खोटं बोलत होतं. पोट नाकाला शिकवत होतं. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिनं हात धुतले, तीनदा धुतले, तरी वास जाईना. मग बाहेर येऊन म्हणाली, "मेंबर, हे पुरून टाका. खोल खड्डा करा, कुत्रीही उकरणार नाहीत असा."

कासिमिरो हसला. "नानाय, अगं अठरा वर्षं लोकांना कचऱ्यातलं खाऊ घालतेस. आज नाक मुरडतेस होय?"

"कचऱ्यातलं घालते. सडलेलं नाही घालत."

"फरक काय त्यात?"

सेंदानं त्याच्याकडं बघितलं. याचं लहानपण तिच्या हातचं खाऊन सरलं होतं, आणि हा तिलाच फरक विचारत होता. तिच्या तोंडातून तुम्ही गळून पडलं. "पोट भरल्यावर कुणी टाकलं, ते मी उचललं. त्यात कुणाचं काही गेलं नाही. हे तू भुकेल्या माणसांच्या तोंडचं काढून कुलपात ठेवलंस, तुझं तोंड छापून यायचं होतं म्हणून. आणि आता ते सडल्यावर मला वाढायला सांगतोस. तुला नंबर द्यायचा तर दे, नसला द्यायचा तर नको देऊ. पण याला माझा हात नाही लागायचा."

पहारेकरी खाली बघायला लागला. कासिमिरोनं नाव छापलेला मास्क नीट केला आणि फक्त एवढंच म्हणाला की नानाय, तू दमलीयेस, घरी जा, आराम कर. फार गोड आवाजात बोलला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं अशीच हळू बोलतात, मढं जागं होऊ नये म्हणून.

घरी रोवेनानं सगळं ऐकून घेतलं. मग ती आईशी भांडली. मोठ्यानं नाही, वरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दातांतल्या दातांत. तिचं म्हणणं एवढंच, की तू नाही शिजवलंस तर तो दुसऱ्या कुणाकडून करून घेईल, मग आपली पिशवी का घालवायची?

"शिजवून दे फक्त. आपण नको खाऊया," ती म्हणाली. "पिपायला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवीन."

सेंदा मुलीच्या तोंडाकडं बघत राहिली. हिला आपणच वाढवलं. उपाशी राहिलो तर राहिलो, पण शेजाऱ्याच्या ताटात काय पडतंय ते बघ, असं आपणच शिकवलं. तीन आठवड्यांत तिच्या तोंडून हे यावं. आणि गंमत बघा, राग येण्याऐवजी सेंदाला क्षणभर ते पटलं. मग स्वतःचीच शिसारी आली. ती म्हणाली की उद्या बघू.

हे उद्या बघू तिला नडलं. तिनं त्याच दिवशी गल्लीभर सांगायला हवं होतं. समोरच्या पुरिंगला तरी सांगायचं. पुरिंग तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, पाच पोरांची आई, तोंडानं फाटकी आणि मनानं मऊ. एका हाकेचं अंतर. पण सेंदा गप्प बसली. कुठंतरी आत तिला वाटत होतं की कासिमिरोला लाज वाटेल, तो माल पुरून टाकेल, आणि कोण जाणे, नंबरही देईल. चव्वेचाळीस अ. आपण बोंब मारली तर ते गेलंच. एका पिशवीसाठी ती एक दिवस गप्प राहिली.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर दाराला आडवी पिवळी दोरी बांधलेली. पांढरे कपडे घातलेली दोन पोरं भिंतीवर औषध फवारत होती. आणि भोंगा सांगत होता की चव्वेचाळीस नंबरच्या घरात एका वयस्क बाईचं नाक गेलंय, तिला वास येत नाही, या रोगाचं हेच पहिलं लक्षण आहे, तेव्हा चौदा दिवस त्या घरातून कुणी बाहेर यायचं नाही आणि कुणी जवळ जायचं नाही. मेंबर कासिमिरो यांनी स्वतः वेळेवर ओळखलं म्हणून गल्ली वाचली.

सेंदा दोरीपाशी उभी राहून ऐकत होती. तिला पहिल्यांदा हसूच आलं. मग वरच्या कुटुंबातला माणूस शिडीवरून तिच्या नावानं शिव्या घालायला लागला, कारण दोरी एका नंबराला होती आणि नंबर तिघांचा होता. त्याचा पास गेला, त्याची पिशवी गेली, बाजारात ओझी उचलायचं त्याला कसंबसं मिळालेलं काम गेलं. त्याची बायको वरून रडत म्हणाली, नानाय, तुम्हाला आधी नाही का सांगता येत होतं.

मग सेंदा ओरडली. हॉलमधल्या कोंबड्या सडल्यात, उद्या मिळाल्या तर घेऊ नका, घेतल्या तर पुरून टाका. दिवसभर ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. लोक खिडक्यांतून बघत होते. जी माणसं तिनं हुंगलेलं डोळे मिटून खायची, ती आता एकमेकांना म्हणत होती की बिचारीचं नाकच गेलंय, तिला काय कळणार. पुरिंग आपल्या दारातून म्हणाली, "नानाय, बोलू नका हो जास्त. विश्रांती घ्या. थुंकी उडते." तिच्या आवाजात माया होती. म्हणून तर जास्त वाईट.

रविवारी मोठा माणूस आला. बारा फुटी फलक नव्हता, सहा फुटी मिळाला. चार कॅमेरे होते. मैदानात चुन्यानं गोल आखले होते आणि एकेका गोलात एकेक माणूस, तोंडाला मास्क, हात पुढं. पिशव्यांवर नव्यानं कागद चिकटवले होते. कासिमिरोनं भोंग्यावर सांगितलं की कोंबडीला थोडा वास येईल, घाबरू नका, रोग येऊ नये म्हणून तिच्यावर औषध मारलेलं आहे, व्हिनेगरनं धुवून घ्या. त्या दिवसांत रस्त्यावर, भिंतींवर, चपलांवर, माणसांवर औषध मारतच होते. कोंबडीवर का नाही मारणार? आणि त्यानं प्रत्येक घराला व्हिनेगरची एकेक बाटली फुकट दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेंदाला आपल्या दारातून मैदान दिसत नव्हतं, टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

दुपारी गल्लीत चुली पेटल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा एवढा धूर. सेंदा दोरीला पोट टेकवून उभी होती. समोर पुरिंगच्या दारात पातेलं चढलं होतं. पुरिंगनं कोंबडी तीन पाण्यांत धुतली, उकळली, ते पाणी गटारात ओतलं, मग लसूण टाकला. सगळं सेंदानं शिकवलेलं. एकही पायरी चुकली नाही.

"पुरिंग, तार सुटते का बघ," सेंदा बसक्या आवाजात म्हणाली. "बोटांत धरून बघ. एवढं ऐक."

"औषध आहे ते नानाय," पुरिंग म्हणाली. "मेंबरनं सांगितलंय. चिकट असतं म्हणाले."

माणूस किती हलकट असावा, याचा सेंदाचा अंदाज आयुष्यभर कमीच पडला होता. तारेचीसुद्धा सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. ती दोरीखालून वाकून दोन पावलं पुढं आली, त्या पातेल्याला लाथ मारायची म्हणून. तेवढ्यात गल्ली किंचाळली. आया पोरांना ओढून आत घेऊ लागल्या. पहारेकरी धावत आला आणि काठी आडवी धरून तिला मागं ढकलत घेऊन गेला. काठीचं टोक तिच्या बरगडीत होतं आणि तो लांबूनच तोंड वळवून म्हणत होता, नानाय, नका ना, मला मारायला लावू नका. सडलेल्या मांसापासून कुणी एक पाऊल मागं सरलं नाही. सगळे तिच्यापासून सरले.

मग सगळे जेवले. भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हसलंसुद्धा. बऱ्याच दिवसांनी गल्लीत कुणी हसत होतं.

जेवण झाल्यावर पुरिंग बाहेर आली. तिच्या हातात झाकलेली वाटी होती. पाच पोरांच्या तोंडातून काढून तिनं ती आणली होती, हे सेंदाला कळत होतं. दोरीपासून चार हातांवर तिनं वाटी जमिनीवर ठेवली, बांबूच्या काठीनं हळूहळू पुढं सरकवली आणि म्हणाली, "पिपायसाठी आहे. मऊ तुकडा काढून ठेवला होता. पोरगी फार वाळलीये हो." आणि पदर नसलेल्या आपल्या सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसत घरात गेली.

रोवेना आत झोपली होती, किंवा झोपल्याचं दाखवत होती. पिपाय दाराशी आली आणि आजीच्या कमरेला धरून वाटीकडं बघू लागली.

सेंदानं वाटी उचलली. झाकण काढलं. मास्क खाली केला आणि हुंगलं. लसूण. व्हिनेगर. तळलेला कांदा. पुन्हा हुंगलं, डोळे मिटून, जीव लावून. बाकी कसलाच वास नव्हता. तो सडका वास व्हिनेगरनं झाकला होता, की तिचं नाक खरंच गेलं होतं, की पोटच पुन्हा नाकाला शिकवत होतं, ते तिला कळेना. नाक म्हणत होतं, खा. फक्त तिच्या अंगठ्याला ती वीतभर तार आठवत होती.

"लोला, आपलंय ना?" पिपायनं विचारलं.

सेंदानं वाटी गटारात उपडी केली. तुकडा काळ्या पाण्यात गेला, वर तेलाचा एक थर पसरला. रिकामी वाटी तिनं उंबऱ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पिपाय रडली नाही. ती उकिडवी बसली, तिनं वाटी हळूच ओढून घेतली, आतल्या कडेला लागलेला रस्सा बोटानं पुसला आणि बोट तोंडाकडं नेलं.

सेंदानं तिला मारलं. आजवर त्या पोरीवर तिनं कधी हात उचलला नव्हता. वाटी घरंगळत गल्लीच्या मधोमध गेली, आणि खिडक्यांतून सगळ्यांनी बघितलं की नानाय सेंदानं उपाशी नातीच्या तोंडचा घास उडवला. पुरिंगच्या दारातून कुणीतरी शिवी दिली. सेंदानं पिपायचं बोट आपल्या झग्यानं घासून घासून पुसलं. पुसताना तिच्या नाकाला पुन्हा लसणाचा वास आला आणि तिचं तोंड पाण्यानं भरून आलं. थुंकावं म्हटलं तर सगळी गल्ली बघत होती. तिनं ते गिळलं, आणि त्या दिवशी तिच्या पोटात तेवढंच गेलं.